साखळी, शंकू आणि रोव्हर : वऱ्हाडातील जमीनमोजणीच्या शिक्षणाच्या दोन वाटा

जमीन मोजायचे शिक्षण वऱ्हाडात दोन ठिकाणी मिळते. एक, अमरावती-अकोल्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत, तंत्रनिकेतनांत आणि आयटीआयमध्ये. दुसरे, तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात, एखाद्या जुन्या मोजणीदाराच्या हाताखाली. पहिल्या ठिकाणी छापील अभ्यासक्रम असतो, जर्नल असते, तोंडी परीक्षा असते. दुसऱ्या ठिकाणी विभागाचे थोडेफार प्रशिक्षण असते, पण खरे शिकणे होते ते पिवळी पडलेली टिपणे, आकारबंद, फाळणी नकाशे यांच्या संगतीत, आणि ती कशी वाचायची हे दाखवणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून.

या दोन शिक्षणांचे नाते काय, हा या लेखाचा विषय आहे. मी अभियंता नाही. तहसील कचेरीसमोर अर्ज लिहून देणाऱ्या घरात वाढलो आणि जमिनीच्या कागदांची भाषा कानावर पडतच मोठा झालो. पुढे कुतूहलापोटी पदविकेची सर्वेक्षणाची पाठ्यपुस्तके विकत आणून वाचली, निवृत्त मोजणीदारांशी बोललो, विद्यार्थ्यांच्या सर्व्हे कॅम्पमध्ये जाऊन उभा राहिलो. या सगळ्यातून माझ्या लक्षात आले ते असे : वर्गातली मोजणी आणि शेतातली मोजणी यांच्यात फक्त जुन्या-नव्या यंत्रांचा फरक नाही. त्यांचा उगमच वेगळा आहे, आणि दोन्ही उगमांच्या खुणा वऱ्हाडच्या भूमीवर सापडतात.

पहिली वाट : अख्ख्यापासून तुकड्याकडे

सर्वेक्षणाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात एक तत्त्व दिलेले असते. काम नेहमी अख्ख्यापासून तुकड्याकडे न्यावे. आधी मोठ्या क्षेत्रावर मोजके बिंदू अत्यंत काळजीने निश्चित करावेत, मग त्यांच्या आधाराने आतले तपशील भरावेत. त्यामुळे लहान मोजमापात चूक झाली तरी ती जागच्या जागी राहते, पसरत नाही.

हे तत्त्व हिंदुस्थानात ज्या कामाने रुजवले, ते काम वऱ्हाडातून गेलेले आहे. विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पायारेषा मोजली आणि तिथून त्रिकोणांचे जाळे विणायला सुरुवात केली. एक रेषा अतिशय बिनचूक मोजायची, तिच्या दोन्ही टोकांवरून तिसऱ्या बिंदूचा कोन घ्यायचा आणि उरलेल्या दोन बाजू गणिताने काढायच्या. मग त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण. अठ्ठ्याहत्तराव्या रेखावृत्ताच्या आसपास उत्तरेकडे सरकत गेलेली ही त्रिकोणांची माळ पुढे ‘मोठा चाप’ म्हणून प्रसिद्ध झाली. हैदराबादहून नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. काम त्याचा साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट याच्याकडे आले.

एव्हरेस्टने १८३० साली या चापाच्या एका भागाचा वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यात तीन मुख्य ठाणी आहेत : दक्षिणेला बीदरकडचे दामरगिड्डा, उत्तरेला सिरोंजजवळचे कल्याणपूर आणि मधले आपल्या वऱ्हाडातले. इंग्रजी कागदांत ते ‘टाकल खेरा’ असे लिहिले आहे. त्याचा अक्षांश २१ अंश ५ मिनिटांच्या किंचित पुढे, म्हणजे अमरावती आणि अचलपूर यांच्यामधल्या सपाट पट्ट्यात. तिथे ताऱ्यांचे वेध घेऊन अक्षांश ठरवला गेला आणि दक्षिणेकडचे व उत्तरेकडचे गणित त्या ठिकाणी जोडले गेले. पृथ्वीचा आकार किती चपटा आहे, हे ठरवण्याच्या कामात वऱ्हाडातले एक खेडे असे सहभागी झाले.

आपल्याकडच्या अभियांत्रिकी शिक्षणाचा वंशही याच घराण्याचा. मद्रासला १७९४ मध्ये मायकेल टॉपिंग याच्या पुढाकाराने सर्वेक्षणाची शाळा सुरू झाली; गिंडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय तिचाच विस्तार. रुरकीचे महाविद्यालय १८४७ चे. पुण्यात १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकामासाठी माणसे तयार करणारा वर्ग निघाला आणि त्यातून पुढे तिथले अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. रस्ते, कालवे, रेल्वे यांना लागणारा माणूस घडवणे हा या सगळ्यांचा हेतू. त्याला कोन मोजता यावा, उंचसखलपणा काढता यावा, वळण आखता यावे. शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधली हद्द कुठे आहे, हा प्रश्न त्याच्यासमोर यायचे कारण नव्हते.

दुसरी वाट : तुकड्यापासून अख्ख्याकडे

निजामाकडून १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ पासून इथे शेतसाऱ्यासाठी मोजणी सुरू झाली ती मुंबई इलाख्याच्या पद्धतीने. ही पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात बसवली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. वर्धा नदीच्या पलीकडे, मध्य प्रांतात, मालगुजारी होती. तिथले गावनकाशे वेगळ्या प्रमाणाचे आणि नंबराला खसरा म्हणायचे. नदीच्या अलीकडे रयतवारी आणि सर्व्हे नंबर. एकाच विदर्भात मोजणीच्या दोन बोली आहेत, त्याचे कारण हे.

मुंबई पद्धतीत मोजणीचा घटक होता शेत. एक बैलजोडी जेवढी जमीन वाहू शकेल, तेवढ्याचा साधारण एक सर्व्हे नंबर करायचा, त्याच्या कोपऱ्यांवर दगड रोवायचे, तो मोजायचा आणि शेजारच्या नंबराकडे जायचे. नंबर जोडत जोडत गाव पुरे करायचे. बहुतेक ठिकाणी हे काम लॅम्बटनच्या त्रिकोणांच्या जाळ्याला बांधलेले नव्हते. म्हणजे ज्या भूमीत अख्ख्यापासून तुकड्याकडे जाणारी जगातली एक फार मोठी मोजणी होऊन गेली होती, तिथेच चाळीसेक वर्षांनी दुसरी मोजणी तुकड्यापासून अख्ख्याकडे निघाली.

याला अडाणीपणा म्हणता येणार नाही. सरकारला हवे होते ते प्रत्येक शेताचे क्षेत्र आणि त्यावरचा आकार. त्यासाठी अक्षांश-रेखांशाची गरज नव्हती. स्वस्त, चटकन शिकवता येण्याजोगी आणि गावकऱ्याच्या डोळ्यांदेखत होणारी रीत हवी होती. थिओडोलाइट चालवणारी माणसे थोडी होती. साखळी ओढणारी भरपूर मिळत.

तेहतीस फुटांची साखळी

या रीतीचे मुख्य हत्यार म्हणजे तेहतीस फुटांची साखळी. इंग्लंडात एडमंड गंटर याने १६२० च्या सुमारास प्रचारात आणलेली साखळी सहासष्ट फुटांची. ही तिच्या बरोबर निम्मी. मात्र तिचे भाग आपल्याकडच्या हिशेबाला साजेसे पाडले : एका साखळीचे सोळा आणे. एक आणा म्हणजे दोन फूट आणि पाऊण इंच.

तिचे सौंदर्य गणितात आहे. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, म्हणजेच एक एकर. त्यामुळे लांबी-रुंदी साखळीत मोजली की गुणाकार थेट गुंठ्यांत येतो. त्रिकोणी तुकड्याचा पाया वीस साखळ्या आणि उंची आठ साखळ्या असेल तर वीस आठे एकशे साठ, त्याचे निम्मे ऐंशी गुंठे, म्हणजे दोन एकर. कागद-पेन्सिल न घेता बांधावर उभ्या उभ्या सांगता येते. त्याआधीची आपली मापेही, पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, अशीच तोंडी हिशेबाला सोयीची होती. पण हाताची लांबी माणसागणिक बदलते. साखळी कचेरीत तपासून घेता येत होती.

तपासणे का गरजेचे, तेही पाहू. रोज ओढून ओढून साखळी वाढते. तेहतीस फुटांत ती एक इंच वाढली तर लांबीतली चूक ३९६ भागांत एक. क्षेत्रात ती दुप्पट होते. दहा एकरांच्या शेतात म्हणजे चारशे गुंठ्यांत जवळपास दोन गुंठ्यांचा फरक, आणि तोही कमी भरण्याच्या बाजूने, कारण लांब झालेली साखळी जमीन लहान दाखवते.

साखळीचा जोडीदार शंकू. काठीच्या टोकावर बसवलेला लाकडी ठोकळा, त्याला एकमेकींशी काटकोनात दोन फटी. एका फटीतून साखळीची रेषा दिसली पाहिजे आणि त्याच वेळी दुसऱ्या फटीतून शेताचा कोपरा. मागेपुढे सरकत ती जागा सापडली की तिथून कोपऱ्यापर्यंतचे अंतर म्हणजे लंब. शेताच्या लांबात लांब कर्णावर साखळी टाकायची, दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांचे लंब घ्यायचे आणि अख्खे शेत त्रिकोण व समलंब चौकोनांत फोडायचे. शंकू-साखळीची मोजणी ती एवढीच.

टिपण

मोजताना शेताची हातानेच एक आकृती काढत. ती प्रमाणात नसे. तिच्यावर पायारेषा, लंब आणि प्रत्येक अंतर साखळी-आण्यांत लिहिलेले असे. हेच टिपण. माझ्या मते वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा मोजणीतला सर्वांत मोलाचा कागद आहे, आणि सर्वांत कमी ठाऊक असलेलाही. सातबारा सगळ्यांना माहीत असतो. गावनकाशाही पुष्कळांनी पाहिलेला असतो. टिपण पाहिलेले लोक फार थोडे.

गावनकाशा या टिपणांवरून मागाहून कचेरीत काढला गेला. त्याचे प्रमाण एक इंचास वीस साखळ्या, म्हणजे ६६० फूट. आजच्या भाषेत एकास ७,९२०. आता या नकाशावरची शाईची रेषा पाव मिलिमीटर जाडीची धरली तरी जमिनीवर तिची रुंदी जवळजवळ दोन मीटर होते. साडेसहा फूट! म्हणजे नकाशावरची हद्दीची रेषा हीच मुळी बैलगाडीच्या वाटेएवढी रुंद आहे. तिच्या कोणत्या काठावर आपला धुरा, हे नकाशा सांगू शकत नाही. टिपण सांगू शकते, कारण तिथे रेषा मोजायची नसते, आकडा वाचायचा असतो.

एका निवृत्त मोजणीदाराने मला हे एका वाक्यात सांगितले होते : “नकाशा मंग पायजो, आंधी टिपन काढ.”

दर्यापूर तालुक्यातल्या एका शेताचे प्रकरण मी जवळून पाहिले. दोन चुलतभावांमध्ये धुऱ्यावरून वाद. एकाने खासगी माणूस आणून गावनकाशाच्या मोठ्या केलेल्या प्रतीवरून अंतर काढवले. नकाशावर पायारेषेपासून धुऱ्यापर्यंत सहा मिलिमीटर भरले, म्हणजे जमिनीवर १५६ फूट. पुढे टिपणाची नक्कल मिळाली. त्यात लंब होता चार साखळ्या नऊ आणे. हिशेब करा : १३२ फूट अधिक साडेअठरा फूट, म्हणजे साधारण दीडशे फूट सहा इंच. फरक सव्वापाच फुटांच्या वर. नकाशावर हाच फरक मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा, डोळ्यांना न दिसणारा. धुऱ्याच्या दोन्ही टोकांना तेवढाच फरक होता आणि धुरा सुमारे सहाशे फुटांचा. सगळा मिळून वाद तीन गुंठ्यांचा. त्या तीन गुंठ्यांपायी दोन घरांचे बोलणे चार वर्षे बंद होते आणि वकिलाच्या फीमध्ये त्याहून जास्त जमिनीची किंमत गेली होती.

वर्गात काय शिकवतात

अमरावतीचे शासकीय तंत्रनिकेतन १९५५ चे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चे. अकोल्याला १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ झाले, ज्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे. १९८३ च्या सुमारास खासगी संस्थांना परवानगी मिळाली तेव्हा बडनेरा आणि अकोल्याजवळचे बाभुळगाव इथे अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. यांतून गेल्या काही दशकांत हजारो मुले सर्वेक्षण शिकून बाहेर पडली.

स्थापत्य पदविकेत हा विषय साधारण दोन टप्प्यांत येतो. पायाभूत सर्वेक्षणात साखळी, शंकू, होकायंत्र आणि लेव्हल; प्रगत सर्वेक्षणात प्लेन टेबल म्हणजे फलक यंत्र, थिओडोलाइट, वळणांची आखणी, टोटल स्टेशन आणि उपग्रहाधारित मोजणीची ओळख. प्रात्यक्षिके महाविद्यालयाच्या आवारात होतात. पाच बाजूंचे बंद वळसे घेऊन मुले पुन्हा पहिल्या खुंटीवर येतात आणि शेवटचा बिंदू पहिल्यावर नेमका पडत नाही. ही जुळणीतली चूक. ती बाजूंच्या लांबीच्या प्रमाणात सगळीकडे वाटून टाकायची, हा बाऊडिचचा नियम तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

कृषी विद्यापीठातल्या कृषी अभियांत्रिकीच्या मुलांचे सर्वेक्षण थोडे निराळे. त्यांना समपातळी रेषा हव्या असतात : पाणी कुठून कुठे वाहते, बांध कुठे घालावा. समपातळी रेषा धुरा ओळखत नाही. ती एका मालकाच्या शेतातून दुसऱ्याच्या शेतात सहज जाते, आणि पाणलोटाची कामे गावात अडतात ती बहुधा इथेच.

हे शिक्षण चांगले आहे. मुलांना यंत्र लावता येते, चूक ओळखता येते, गणित येते. पण त्यांच्या पुस्तकात साखळ्यांचे प्रकार सांगताना महसुली साखळी फक्त एका ओळीत येते : लांबी तेहतीस फूट, कड्या सोळा. प्रात्यक्षिकाला हातात असते ती वीस किंवा तीस मीटरची साखळी, नाहीतर टेप. टिपण, फाळणी, आकारबंद हे शब्द पदविकेच्या पुस्तकांत मला भेटले नाहीत. आयटीआयच्या सर्व्हेअर ट्रेडमध्ये महसुली मोजणीची तोंडओळख होते. पण तीही आपल्या गावच्या कागदापर्यंत पोहोचत नाही.

आणि भूकरमापकाच्या भरतीला पात्रता कोणती? स्थापत्य पदविका किंवा सर्व्हेअर ट्रेडचे प्रमाणपत्र. म्हणजे पहिल्या वाटेने शिकलेला मुलगा किंवा मुलगी (आता मुलीही बऱ्याच संख्येने या कामात आहेत) नोकरीच्या पहिल्या दिवशी दुसऱ्या वाटेवर उभी असते. तिला नवी जमीन मोजायची नसते. दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी मोजलेली रेषा तिला पुन्हा शोधायची असते.

काळी माती आणि हंगाम

ही रेषा शोधणे वऱ्हाडात विशेष कठीण आहे, कारण इथली माती. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कसदार जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर खोल भेगा पडतात. दरवर्षीच्या या फुगण्या-आकसण्यात रोवलेला दगड कलतो, सरकतो, कधी जमिनीच्या पोटात जातो. त्यात ट्रॅक्टर आला. बैलाचे औत धुऱ्याला वळसा घालायचे. ट्रॅक्टर धुराच घासत जातो. दरसाल अर्धा वीत धुरा सरकला तरी दहा वर्षांत तीन-चार फूट होतात, आणि कोणी मुद्दाम काही केले असे वाटतही नाही.

मग हंगाम. तूर पुरुषभर उंच होते, कपाशी छातीला लागते. त्यातून यंत्राची नजर जात नाही. वेचणी संपून पराट्या निघाल्या की मोजणी खरी सुरू होते आणि मिरगाच्या आत आटपावी लागते. चार-पाच महिन्यांच्या या काळात सगळ्या तालुक्याचे अर्ज. लगतच्या शेतकऱ्यांना नोटिसा, पंच, शेवटी ‘क’ प्रत. भाऊबंदकीतला एक जण गैरहजर राहिला की पुढची तारीख. निकाल मान्य नसेल तर वरिष्ठांकडून निमताना मोजणी.

जागेवर मोजणीदार नेमके काय करतो? आधी वहिवाट मोजतो, म्हणजे आज कोण कुठपर्यंत वाहतो ते. मग जुन्या खुणा शोधतो : गावशिवेचा दगड, दोन्ही बाजूंना मान्य असलेला कोपरा, नकाशावर दाखवलेली विहीर, पांदणीचा वळसा. अशा दोन-तीन भरवशाच्या खुणांवर टिपणाची आकृती बसवून पाहतो. ती तंतोतंत बसत नाहीच. कुठे चार आणे जास्त, कुठे तीन आणे कमी. इथे बाऊडिचचा नियम पुरत नाही. वर्गात जुळणीतली चूक पाच खुंट्यांना वाटतात. गावात ती घराघरांत वाटली जाणार असते आणि प्रत्येकाला कारण सांगावे लागते. कोणत्या खुणेवर विश्वास ठेवायचा, कोणती मागाहून हललेली, हे ठरवणे हाच या कामाचा गाभा आहे. त्याला गणित लागतेच. कागदाचे वय आणि स्वभाव ओळखणेही लागते.

भर म्हणून मापे बदलली. एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले. साडेपाच एकर म्हणजे २ हेक्टर २२.५८ आर. नोंद जर पूर्ण आरात केली तर ती २३ होते आणि सुमारे साडेचारशे चौरस फूट जमीन नुसत्या कागदावर जन्माला येते. मोजणीत ती सापडत नाही, आणि शेतकरी म्हणतो, शेजाऱ्याने दाबली.

रोव्हर आल्यानंतर

आता मोजणीला रोव्हर आला आहे. उपग्रहांचे संकेत आणि ठिकठिकाणी उभारलेली कायमची संदर्भ केंद्रे यांच्या आधारे तो काही सेंटिमीटरांच्या आत बिंदूचे स्थान सांगतो. दिवसभराचे काम तासा-दोन तासांत होते. गावठाणांची मोजणी ड्रोनने होत आहे. देशपातळीवर ती स्वामित्व योजनेखाली २४ एप्रिल २०२० पासून सुरू झाली. अर्ज ऑनलाइन, जुने अभिलेख स्कॅन केलेले. हे सगळे स्वागतार्हच आहे. मला यात विशेष वाटते ते असे की, लॅम्बटनची वाट आणि साखळीची वाट या भूमीवर दोनशे वर्षांत प्रथमच एकमेकींना भेटत आहेत. शेताचा प्रत्येक कोपरा आता अक्षांश-रेखांशाने बांधला जाईल. आजच्या मोजणीच्या खुणा उद्या मातीने गिळल्या तरी पुन्हा तिथेच सापडतील.

पण रोव्हर सांगतो तो मी उभा आहे त्या बिंदूचा पत्ता. हद्द कुठे आहे, हे त्याला माहीत नसते. ते टिपणातूनच काढावे लागते. गावनकाशा स्कॅन करून त्यावर रोव्हरचे बिंदू टाकले, तर दोन मीटर रुंदीच्या रेषेवर दोन सेंटिमीटरचा अचूकपणा ठेवल्यासारखे होते. पडद्यावर ते फार देखणे दिसते, आणि धोका याच देखणेपणात आहे. पूर्वी चुकीच्या मोजणीत आण्यांचा घोळ दिसून यायचा, लोक वाद घालायचे. आता दशांशचिन्हापुढे तीन आकडे छापून आलेल्या कागदासमोर शेतकरी गप्प होतो. शिवाय एकदा चुकीची जागा अक्षांश-रेखांशाने पक्की झाली की ती चूक कायमची झाली.

दुसरीकडे टिपण वाचू शकणारी पिढी निवृत्त होत आहे. साखळी-आण्यांचा हिशेब, मोडी वळणाचे आकडे, टिपणकाराच्या खुणा, फाळणीवरची लाल शाई कशासाठी आणि काळी कशासाठी, हे ज्ञान हातातून हातात जायचे. आणि अभ्यासक्रमाची सुधारणा होते तेव्हा शंकू-साखळीकडेच कालबाह्य म्हणून बोट दाखवले जाते. यंत्र म्हणून ती कालबाह्य आहे, यात शंका नाही. परंतु ज्या भाषेत आपल्या हद्दी लिहून ठेवल्या आहेत, ती भाषा तीच आहे. मोडी लिहिणे बंद झाले म्हणून मोडी वाचणारे तयार करणे आपण थांबवले, त्याची किंमत इतिहास संशोधन आजही मोजते. इथे तर प्रश्न चालू सातबाराचा आहे.

काय करता येईल

उपाय फार खर्चाचे नाहीत. पदविकेच्या सर्वेक्षणात एक प्रात्यक्षिक तेहतीस फुटांच्या साखळीने व्हावे आणि त्याचे टिपण मुलांनी साखळी-आण्यांत लिहावे. मग त्याच टिपणावरून दुसऱ्या गटाने, पहिल्या गटाला न विचारता, कोपरे जमिनीवर शोधून काढावेत. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात किती अंतर पडते, हे एका दुपारी कळेल. दुसरे, सर्व्हे कॅम्प महाविद्यालयाच्या हिरवळीऐवजी फेब्रुवारी-मार्चमध्ये जवळच्या एखाद्या गावात न्यावा. अमरावती आणि अकोला दोन्हींपासून काळ्या मातीची शेते अर्ध्या तासावर आहेत. एकाच शेताची वहिवाट रोव्हरने, क्षेत्र आकारबंदावरून आणि हद्द टिपणावरून काढून तिन्ही एका कागदावर मांडावीत. तिसरे, निवृत्त मोजणीदारांना वर्षातून दोन-चार तास वर्गात बोलवावे. पदवी नाही म्हणून ज्यांना महाविद्यालयाच्या फाटकात थांबावे लागते, त्यांच्यापैकी काहींकडे या विषयाचे असे ज्ञान आहे जे कोणत्याही पुस्तकात नाही.

शेतकऱ्यांनीही एक करावे. मोजणीचा अर्ज देण्याआधी आपल्या सर्व्हे नंबराच्या टिपणाची आणि पोटहिस्सा असेल तर फाळणीची नक्कल मागून घ्यावी. एकत्रीकरण झालेल्या गावात गट नंबराबरोबर जुना सर्व्हे नंबरही लिहून ठेवावा, कारण टिपण त्या जुन्या नंबरावरच सापडते. मोजणीच्या दिवशी ती नक्कल हातात ठेवून विचारावे की हा आकडा जमिनीवर कुठून कुठे येतो. विचारणाऱ्याला उत्तर द्यावे लागते, आणि उत्तर देणाऱ्याला शिकावे लागते.

धुऱ्याचे वाद वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या चालतात आणि त्यात भाऊ भावाला पारखा होतो, हे सांगण्यासाठी संशोधकाची गरज नाही. त्यांतले सगळे वाद मोजणीने मिटणार नाहीत. काहींचे मूळ मनात असते. पण काहींचे मूळ चार साखळ्या नऊ आणे या आकड्यात असते आणि तो आकडा कचेरीच्या दप्तरात लिहिलेला असतो. तेवढे वाद तरी मिटवता येतील, जर तो आकडा वाचणारे माणूस आपण घडवत राहिलो तर.